तुमच्या काँग्रेसमनला एवढं विचारा

अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथे मताचा अधिकार मिळालेल्या सर्व मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमच्याकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि इकडे आमच्या फोनचं वेळापत्रक कोलमडतं. न्यू जर्सीहून संध्याकाळी साडेसहाला येणारा फोन साडेसातला यायला लागतो, म्हणजे नेमका भाकऱ्या टाकायच्या वेळी. मार्चमध्ये पुन्हा उलटं. ही घड्याळाची कसरत अमेरिकेत पहिल्यांदा सुरू झाली ती मार्च १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात, इंधन वाचवायचं म्हणून. युद्ध नोव्हेंबरात संपलं. शेतकऱ्यांनी बोंब मारली म्हणून १९१९ मध्ये काँग्रेसने अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून ती बंद केली, दुसऱ्या महायुद्धात ती परत आली, आणि आता ती युद्धातली आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. तुमच्या पगारातून फेडरल टॅक्स हातात पैसे पडण्याआधीच कापतात ना, ती पद्धतही १९४३ ची. तीही युद्धातलीच.

घड्याळ आणि टॅक्स यांनी कुणाचं फार बिघडत नाही. पण युद्धासाठी म्हणून घरात घेतलेल्या सगळ्याच गोष्टी इतक्या गरीब नसतात.

मी सातारा जिल्ह्यात बरीच वर्षं इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. अमेरिकेच्या राजकारणात नाक खुपसायचा मला काही अधिकार नाही, हे कबूल. पण गेल्या वर्षी माझ्या बहिणीचा नातू अठरा वर्षांचा झाला. जन्म तिकडचाच, मराठी कळतं पण बोलताना इंग्रजीत घसरतो, बास्केटबॉल खेळतो. त्याच्या आईने फोनवर बोलता बोलता सांगितलं की त्याचं सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं नाव नोंदवून झालं. हे काय असतं, विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं मावशी, नुसता फॉर्म असतो. सगळेच भरतात."

सगळेच भरतात हे खरं. अमेरिकेत राहणाऱ्या अठरा ते पंचवीस वयाच्या मुलग्यांना, नागरिक असोत की ग्रीन कार्डवाले, सक्तीच्या सैन्यभरतीसाठीची ही नोंदणी बंधनकारक आहे. शिक्षणाच्या किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्यांना ती लागू नाही. सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली, यादी मात्र आजही तयार ठेवलेली असते. आणि या यादीचं मूळ शोधत गेलं की आपण येऊन पोचतो सक्तीच्या भरतीचा कायदा झाला त्या १८ मे १९१७ या तारखेला. म्हणून मला वाटलं, त्या साली तुमच्या आताच्या देशात काय घडलं आणि त्यात आपल्या माणसांचं काय झालं, ते एकदा तुमच्यापुढे मांडावं. शेवटी एक विनंती आहे.

वुड्रो विल्सन नोव्हेंबर १९१६ मध्ये पुन्हा निवडून आले, तेव्हा प्रचार होता की या माणसाने आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं. पाचच महिन्यांनी, २ एप्रिल १९१७ रोजी, तेच विल्सन काँग्रेससमोर उभे राहून लोकशाहीसाठी जग सुरक्षित करायला हवं म्हणून जर्मनीशी युद्ध मागत होते. कारणं अगदीच बनावट नव्हती. जर्मन पाणबुड्यांनी १९१५ मध्ये लुसिटानिया बुडवली, त्यात १२८ अमेरिकी माणसं गेली. फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांनी तटस्थ देशांच्या जहाजांनाही सोडायचं नाही असं ठरवलं. त्यातच जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन यांची तार फुटली. त्यात मेक्सिकोला टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवून देण्याची लालूच होती. एवढं झाल्यावर कोणता देश गप्प बसेल?

पण दुसरी बाजूही होती. न्यूयॉर्कची मॉर्गन पेढी ब्रिटनची खरेदी-एजंट होती, आणि ब्रिटन-फ्रान्सला दिलेली अमेरिकी कर्जं जर्मनीला दिलेल्या कर्जांच्या कितीतरी पट होती. ज्याच्याकडे एवढी उधारी अडकलीय तो हरून चालेल का? नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनी सभागृहातच सुनावलं की आपण सोन्याच्या हुकमावरून युद्धात उतरतो आहोत. त्यांना देशद्रोही म्हणायला लोक मागेपुढे पाहत नव्हते. सिनेटमध्ये मतं पडली ८२ विरुद्ध ६. प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५०. त्या पन्नासांत मोंटानाच्या जॅनेट रँकिन होत्या. अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली बाई, आणि सभागृहातला तिचा पहिला आठवडा. देशाच्या बाजूने उभं राहायची इच्छा आहे, पण युद्धाला मत देऊ शकत नाही, असं सांगून ती बसली.

मला यातलं काय मोलाचं वाटतं सांगू? निकाल नव्हे. ४२३ जणांना एकेकाचं नाव पुकारल्यावर हो किंवा नाही म्हणावं लागलं, ते. ज्याने हो म्हटलं त्याचं नाव आजही कागदावर आहे. त्याच काळात आमच्या साताऱ्यातल्या अपशिंगे गावातून, ज्याला आम्ही 'अपशिंगे मिलिटरी'च म्हणतो, पोरं इंग्रजांच्या पलटणीत भरती होऊन त्याच महायुद्धावर गेली. त्यातली ४६ परत आली नाहीत. हे युद्ध करायचं की नाही हे हिंदुस्थानात कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. व्हाइसरॉयने जाहीर केलं, संपलं.

आता आपल्या माणसांकडे येते, कारण शाळेच्या पुस्तकात हा भाग दोन ओळींत उरकतात.

१९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांचं राज्य बंड करून उलथवू पाहणारी गदर चळवळ उभी राहिली. बहुतेक जण ओरेगॉन-वॉशिंग्टनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत आणि कॅलिफोर्नियातल्या शेतांत राबणारे पंजाबी. त्यांच्यात आपले दोघे ठळक दिसतात. शेतकी शिकायला गेलेले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे. पिंगळे बंड उभारायला परत आले, मेरठच्या छावणीत पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. त्याच वर्षी जर्मन पैशाने विकत घेतलेल्या बंदुका 'ॲनी लार्सन' नावाच्या शिडाच्या जहाजावर सॅन डिएगोहून निघाल्या. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ 'मॅव्हरिक' हे दुसरं जहाज भेटायचं होतं. दोघांची गाठच पडली नाही. बंदुका जूनमध्ये वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर जप्त झाल्या. एवढा सगळा कट, आणि चुकामुकीने फसला.

लक्षात घ्या, हे १९१५ चं. बंदुका सरकारच्या ताब्यात होत्या, नावं ब्रिटिश हेर पुरवत होते, तरी अमेरिकेने जवळपास दोन वर्षं फारशी घाई केली नाही. अटकसत्र सुरू झालं ते १९१७ च्या वसंतात, ब्रिटन दोस्त झाल्यावर. खटला २० नोव्हेंबर १९१७ ला सॅन फ्रान्सिस्कोत उभा राहिला. आरोप काय? अमेरिकेच्या तटस्थतेचा भंग. जी तटस्थता अमेरिकेने स्वतःच एप्रिलमध्ये मोडीत काढली होती, ती १९१५ मध्ये मोडली म्हणून या लोकांना नोव्हेंबरात पिंजऱ्यात उभं केलं. कायद्याने ते बरोबर असेलही. वकील मंडळींनी मला समजावू नये, मला कळतं. खटल्याच्या शेवटी एप्रिल १९१८ मध्ये भर न्यायालयात रामचंद्र या गदरच्या पुढाऱ्यावर त्याच्याच एका सहआरोपीने गोळ्या झाडल्या, आणि त्या मारेकऱ्याला मार्शलने तिथेच उडवलं. तारकनाथ दास यांना २२ महिने लेव्हनवर्थच्या तुरुंगात धाडलं. दास १९१४ पासून रीतसर अमेरिकेचे नागरिक होते, तुमच्यासारखेच.

तुम्ही म्हणाल, ते कट करणारे होते, आम्ही मॉर्गेज भरणारे साधे लोक. मग भगतसिंग थिंड यांचं ऐका. अमृतसर जिल्ह्यातला हा तरुण १९१३ मध्ये अमेरिकेत आला, ओरेगॉनच्या गिरणीत लाकडं वाहिली आणि जुलै १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झाला. कॅम्प लुइसमध्ये पगडी बांधून, गणवेशात काढलेला त्याचा फोटो आजही पाहायला मिळतो. सार्जंट झाला. डिसेंबरात, अंगावर गणवेश असतानाच, त्याला नागरिकत्व मिळालं. चार दिवसांनी काढून घेतलं. १९२० मध्ये ओरेगॉनच्या न्यायालयाने पुन्हा दिलं. सरकार वर गेलं, आणि १९ फेब्रुवारी १९२३ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदी माणूस 'गोरा' नव्हे, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. ज्या देशाच्या गणवेशात हा माणूस उभा राहिला त्याच देशाने त्याला दोनदा बाहेर काढलं. या निकालाच्या जोरावर सरकारने आधी नागरिक झालेल्या कितीतरी हिंदी लोकांची नागरिकत्वं रद्द करायला घेतली.

थिंड यांच्या वकिलांत एक होते सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकारने त्यांच्यावरच मोर्चा वळवला. पंडित स्वतःचा खटला स्वतः लढले. तुम्ही दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून मी वकिलीची सनद घेतली, लग्न केलं, घर केलं, आता तुम्हाला ते मागे घेता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा. १९२६ मध्ये ते अपील कोर्टात जिंकले, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारची दाद ऐकायला नकार दिला आणि बाकीच्यांवरची कारवाई थंडावली. तुमच्या मंडळाच्या अधिवेशनात उद्योजकांचे सत्कार होतात, व्हायलाच हवेत. पण या माणसाची तसबीर एखाद्या हॉलमध्ये लावायला काय हरकत आहे? थिंड यांना टिकणारं नागरिकत्व मिळालं ते १९३६ मध्ये, आशियाई माजी सैनिकांसाठी वेगळा कायदा झाल्यावर. बाकी हिंदी लोकांना दार उघडलं १९४६ मध्ये, वर्षाला शंभर जण.

त्याच १९१७ च्या जूनमध्ये एस्पियोनाज ॲक्ट, म्हणजे हेरगिरीविरोधी कायदा, आला आणि पुढच्या मे महिन्यात राजद्रोहाचा कायदा. समाजवादी पुढारी यूजीन डेब्ज यांनी जून १९१८ मध्ये ओहायोतल्या कँटन गावी युद्धाविरुद्ध एक भाषण केलं, त्यांना दहा वर्षांची शिक्षा. आपल्या टिळकांना इंग्रजांनी १९०८ मध्ये सहा वर्षं दिली होती. तुलना मी करत नाही, तुम्हीच करा. डेब्ज १९२० मध्ये तुरुंगातूनच अध्यक्षपदाला उभे राहिले आणि नऊ लाखांवर मतं घेतली. इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलला रॉबर्ट प्रेगर नावाच्या जर्मन वंशाच्या मजुराला जमावाने झाडाला लटकवलं, आणि ज्युरीने आरोपींना सोडून दिलं. राजद्रोहाची कलमं युद्धानंतर रद्द झाली. एस्पियोनाज ॲक्ट राहिला. अणुबाँबची गुपितं रशियाला दिल्याच्या आरोपावरून रोझेनबर्ग दांपत्याला १९५३ मध्ये त्याखालीच मृत्युदंड झाला, व्हिएतनामचे कागद फोडणाऱ्या एल्सबर्गवर तोच लावला, आणि २०१३ मध्ये सरकारी पाळतीची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनवरही.

इकडे काय आलं? इन्फ्लुएंझाचा ताप आला. १९१८ च्या मार्चमध्ये कॅन्ससच्या कॅम्प फन्स्टन या भरतीच्या छावणीत शेकडो सैनिक आजारी पडले. त्या साथीचं मूळ तिथलंच की आणखी कुठलं यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, पण सैन्याच्या जहाजांनी ती जगभर नेली याबद्दल नाही. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने पडले, आणि पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या लाटेत माणसं पटापट गेली. हिंदुस्थानात एकूण बळी सव्वा कोटी ते दोन कोटींच्या घरात धरतात. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. तसं ना आधी झालं होतं ना नंतर. अमेरिकेचे स्वतःचे जे १ लाख १६ हजार सैनिक गेले, त्यांतलेही लढाईपेक्षा आजाराने अधिक.

आणि लोकशाहीसाठी सुरक्षित झालेल्या जगात आपल्या वाट्याला काय आलं, तेही सांगते. टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. पॅरिसच्या शांतता परिषदेत हिंदुस्थानची बाजू मांडायला राष्ट्रीय सभेने त्यांची निवड केली होती, पासपोर्ट मिळाला नाही. त्यांनी विल्सनना लिहिलं. विल्सन यांच्या चिटणीसाचं उत्तर आलं की हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा विषय योग्य वेळी योग्य अधिकारी हाती घेतील. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. एप्रिलमध्ये जालियनवाला बाग झाली.

आता कुणी म्हणेल, बाई युद्धविरोधी दिसतायत. नाही. ८ डिसेंबर १९४१ ला जपानविरुद्ध ३८८ विरुद्ध १ असं मत पडलं. तो एक म्हणजे पुन्हा जॅनेट रँकिनच. तेव्हा त्या चुकल्या असं मला वाटतं. हिटलर आणि जपानी लष्करशाही पत्रं लिहून थांबणारी नव्हती. तरीही त्याच युद्धात पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना काटेरी तारांत डांबलं, त्यातले दोन-तृतीयांश अमेरिकी नागरिक होते. युद्ध योग्य असलं तरी त्याची पहिली झळ कोणाला लागते, हे दोन्ही वेळेला दिसलं. ज्याचं नाव उच्चारता येत नाही, त्याला.

मात्र त्या दोन्ही वेळेला मतदान झालं होतं. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसला दिलेला आहे, अध्यक्षाला नाही. तो अधिकार शेवटचा कधी वापरला माहीत आहे? जून १९४२ मध्ये. बल्गेरिया, हंगेरी, रुमानियाविरुद्ध. त्यानंतर कोरियात ३६ हजारांवर अमेरिकी सैनिक मेले, युद्ध जाहीर नाही. व्हिएतनाममध्ये ५८ हजार, युद्ध जाहीर नाही. तिथे १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातल्या हल्ल्यावरून एक ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० असा झाला, आणि त्यातला दुसरा हल्ला झालाच नव्हता हे पुढे उघड झालं. १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार डावलून कायदा केला की अध्यक्षाने ४८ तासांत काँग्रेसला कळवावं आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत सैन्य मागे घ्यायला लागावं. २०११ मध्ये लिबियावर बॉम्ब टाकताना साठ दिवस उलटले, तेव्हा ओबामांच्या सरकारने सांगितलं की ही 'लढाई' या व्याख्येतच बसत नाही. जून २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या काळात इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ला झाला, तोही काँग्रेसच्या मताशिवाय. तेव्हा तुमचा पक्ष कोणता हे मी विचारत नाही. दोघांनी मिळून ही वाट मळवली आहे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अध्यक्षाला लष्करी बळ वापरायची मुभा देणारा ठराव काँग्रेसने केला, तो मी मुद्दाम वाचला. मुख्य वाक्य इंग्रजीत साठ शब्दांचं. त्यात कुठल्या देशाचं नाव नाही, संपण्याची तारीख नाही. प्रतिनिधिगृहात विरोधात एकच मत पडलं, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. मुदत लिहून ठेवलेली नसल्याने तो अफगाणिस्तानच्या पलीकडच्या कितीतरी मोहिमांना पुरला. माझ्या बहिणीच्या नातवाचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. आणि युद्धकाळात शत्रुदेशाच्या नागरिकांना डांबायची किंवा हाकलायची मुभा देणारा १७९८ चा शत्रुदेशीयांचा कायदा, जो १९१७ मध्ये जर्मनांवर आणि १९४१ नंतर जपान्यांवर चालवला, तो २०२५ मध्ये व्हेनेझुएलाच्या लोकांवर चालवला गेला, व्हेनेझुएलाशी युद्ध जाहीर झालेलं नसताना.

आता विनंती. तुमच्या गणेशोत्सवाला स्थानिक काँग्रेसमन येतात, फोटो येतात इकडे. शाल, श्रीफळ, कपाळाला टिळा, मोदकाचा घास घेतानाचा चेहरा. पाच मिनिटं ते 'व्हायब्रंट कम्युनिटी'वर बोलतात, आपण टाळ्या वाजवतो. मग आपल्यातलं कोणी विचारतं, तर ग्रीन कार्डची रांग कधी हलणार हेच. विचारावंच, ती रांग खरी आहे. पण यंदा त्याच्या जोडीला दोन प्रश्न लेखी द्या आणि उत्तरही लेखी मागा. २००१ चा ठराव रद्द करायला, निदान त्याला मुदत घालायला, तुम्ही मत द्याल का? आणि पुढची लढाई सुरू करण्याआधी नाव पुकारून मतदान व्हावं, असा आग्रह तुम्ही स्वतःच्या पक्षाचा अध्यक्ष असतानाही धराल का?

"आपण कशाला त्यात पडायचं" असं म्हणणारे एक काका प्रत्येक मंडळात असतात. त्यांना सांगा, नोंदणीच्या यादीत आपल्या पोरांची नावं आधीच पडली आहेत. उत्तर आलं तर तुमच्या दिवाळी अंकात छापा. आलं नाही, तर तसंही छापा, तारखेसकट.

कळावे, लोभ असावा.

आपली,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका, सातारा